श्रेयाचं फुलांचं कार्ड

छत्रपती संभाजीनगर, दवाखाना

ऋतुराजच्या बाबांना आशाचा नमस्कार.

श्रेया बरी हाये. काल अर्धी वाटी खिचडी खाल्ली, ताप बी उतरलाय. आईंना एवढंच सांगा.

वार्डात खरी फुलं आणू देत नायत, म्हणून छावणी भागातल्या एका बाईंनी पोरींना फुलांच्या चित्राची कार्डं वाटली. कुण्या परदेशातल्या चित्रकाराचं चित्र हाये. टेबल तिरपं, त्यावर फुलांचा गडू, पानं निळी, फुलं तर नुसते रंगाचे गोळे. श्रेया म्हणाली, "आई, ह्यो गडू घसरून पडंल की!" लई दिवसांनी हसली. शेजारच्या खाटेवरच्या मनस्विनीला बी तसलंच कार्ड मिळालं. दोघी आपापलं उशाशी ठेवायच्या.

मनस्विनी परवा वारली. श्रेया झोपेतच होती. उठल्यावर तिनं रिकामी खाट बघितली, तर मी म्हटलं, "घरी गेली गं ती."

कार्ड तिथंच उशीवर राहिलं होतं. श्रेया त्याच्याकडं बघत म्हणाली, "घरी गेली असती तर फुलं घेऊन गेली असती."



फोनवर हे सांगता येत नाय, श्रेया ऐकत असती. ऋतुराज शाळेत जातो ना? आईंचे गुडघे कसे हायेत? किनवटहून यायला लांब पडतं, ठाऊक हाये. तरी जमलं तर या.

पाकिटात श्रेयाचं कार्ड घातलंय. तिनंच माझ्या हातात दिलं. म्हणाली, "माझी फुलं आजच घरी पाठव. ती इथं नको राहायला."

तुमची वाट बघणारी,
आशा