कधीमधी धरतं

उस्ताद, एक गाडी आली आहे आणि तिच्यापायी माझं डोकं चालेनासं झालं आहे. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. तुमच्या वेळी सिल्वासात अशी गाडी नव्हती, म्हणून आधी तीच समजावून सांगतो. हिला क्लचचं पेडल नाही. गिअरबॉक्स आपला नेहमीचाच, पण क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम एक पंप आणि बारक्या मोटरी करतात, आणि त्यांना हुकूम सोडायला एक बंद डबी आहे. गाडी चालू करायची तर दांडी न्यूट्रलला हवी आणि पाय ब्रेकवर हवा. दोन्ही गोष्टी डबीला पटल्या तरच ती स्टार्टरला करंट जाऊ देते. नाही पटल्या तर चावी फिरवत बसा, साधी टक नाही की टिक नाही. आणि का पटलं नाही ते विचाराल तर ती ताकास तूर लागू देत नाही. मी स्कॅनर लावतो, स्कॅनर म्हणतो सगळं ठीक आहे.

गाडी एका शाळेतल्या बाईंची. मूळच्या रत्नागिरीकडच्या, शाळा खानवेलच्या बाजूला, राहायला आमलीत. म्हाताऱ्या आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला वापीला न्यावं लागतं, घरात दुसरं कोणी नाही. ही गाडी दहा वेळा नीट चालू होते आणि अकराव्या वेळी मुकी बसते. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा काहीच झालं नाही अशी चालू होते. मागच्या महिन्यात दवाखान्याच्या बाहेर ती अशीच बसली. आई नुकत्याच मशीनवरून उठलेल्या, मान टाकून मागच्या सीटवर, वर ऊन, आणि बाई चावी फिरवताहेत. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, मॅडम, तुम्ही ब्रेक नीट दाबत नसाल. तुम्ही असता तर माझ्या टाळक्यात पाना घातला असता. बाई रागावल्या नाहीत. चावी माझ्या टेबलावर ठेवली आणि रिक्षा करून गेल्या.

तुम्ही गिऱ्हाईकाच्या गाडीला पहिली चावी कधी स्वतः लावली नाहीत. मालकालाच बसवायचात, रोज चालवतोस तशीच चालू कर म्हणायचात, आणि आपण बॉनेटवर तळवा ठेवून खाली मान घालून उभे. लोक हसायचे. मी सायलीच्या सूतगिरणीतली नोकरी सोडून तुमच्याकडे आलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो, मीही हसायचो. हल्ली गिऱ्हाईक गाडी सोडून जातं, मी वायर जोडतो आणि पडदा वाचतो. मालकाला बसवायची रीत कधी सुटली ते मलाही कळलं नाही.

तर पहिले चार दिवस गाडी माझ्याकडे एकदाही अडली नाही. पाचव्या दिवशी सकाळी अडली, पण मी मीटर आणेपर्यंत चालू झाली. मग मला घाई सुटली, कारण बाई दर फेरीला भाड्याची गाडी शोधत होत्या. मी एका दमात तीन कामं केली. ब्रेकचा स्विच नवा टाकला, बॅटरीची अर्थिंगची पट्टी नवी टाकली, आणि गिअरच्या दांडीचा न्यूट्रल ओळखणारा जो सेन्सर आहे त्याचा जोड काढून पुसून परत बसवला. गाडी चालू झाली, होतच राहिली. मी खूश. आणि संध्याकाळी शटर ओढताना त्या ठेकेदाराची जीप आठवली.

तीही अशीच कधीमधी रुसायची. तुम्ही जेवायला गेला होतात आणि मी तेवढ्यात स्टार्टरचं सोलेनॉइड, वायर आणि टर्मिनल तिन्ही बदलून जीप चालू करून ठेवली होती. वाटलं, शाबासकी मिळेल. तुम्ही हात पुसत आलात, जीपकडे पाहिलंत आणि म्हणालात, "चालू झाली म्हंजे बरी झाली असं नाही भो. कशानं चालू झाली ते सांग मले." मग तुम्ही मला एकेक जुना भाग परत लावायला लावलात, बिघाड परत येईपर्यंत. ठेकेदार समोर पाय आपटत होता. तिसऱ्या भागाला जीप बंद पडली आणि तुम्ही मला जेवायला सोडलंत. जेवण गार झालं होतं आणि मी तुम्हाला मनात शिव्या घालत होतो.

म्हणून मी बाईंच्या गाडीलाही तेच केलं. जुना स्विच परत लावला, गाडी चालू. जुनी पट्टी परत लावली, तरी चालू. उरला तो पुसलेला जोड. आता फडक्यानं पुसून टाकलेली घाण परत कशी लावायची, उस्ताद? हे तुम्ही शिकवलं नाहीत. दोष त्या जोडातच होता असं म्हणावं, तर तो पुसण्याआधीही गाडी माझ्याकडे चार-चार दिवस नीट चालत होतीच की. शेवटी नवे भाग पुन्हा चढवले, बाईंना बोलावलं, सीटवर बसवलं आणि तळवा बॉनेटवर ठेवला. त्यांनी चाळीस वेळा गाडी चालू केली. चाळीस वेळा झाली. सुंठेवाचून खोकला गेला म्हणून दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. माझा मात्र आज अकरावा दिवस आहे आणि पहिल्या दिवशी मला जेवढं कळत होतं त्याहून कमी कळतंय.

बाई खाली उतरल्या. म्हणाल्या, "मला त्यातलं काही कळत नाही. आईला घेऊन मी एकटीनं जाऊ का, एवढंच सांगा."

हाच प्रश्न मला तुमच्या घरी काकूंनी विचारला होता. तुम्हाला ते ठाऊक नाही, तुम्ही तेव्हा आत बॅग भरत होतात. पुतण्याच्या लग्नाला शिरपूरला जायचं होतं, काकूंचा पाय मोडलेला, म्हणून तुम्ही एकटेच निघाला होतात. दोनच दिवस आधी मी तुम्हाला दवाखान्यात नेलं होतं. रिक्षात तुम्ही मला म्हणाला होतात, "कधीमधी धरतं भो इथं. गाडीले धक्का मारतांना धरतं, बसलं का सुटतं." तिथं तुम्हाला आडवं झोपवून कार्डिओग्राम काढला, तो साफ आला. डॉक्टरांनी विचारलं, कधी दुखतं, काही जोराचं काम करताना दुखतं का? तुम्ही म्हणालात, आता काही नाही साहेब. मग डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मला ठाऊक होतं. पण खरं सांगितलं असतं तर पट्ट्यावर चालवून करायची दुसरी तपासणी निघाली असती, अर्धा दिवस गेला असता, आणि गॅरेजात दोन गाड्यांची इंजिनं उतरवून ठेवलेली होती. मी गप्प बसलो. त्याच वेळी तुम्ही माझा हात दाबलात. गप्प बस म्हणून दाबलात, की तू तरी सांग म्हणून, ते मला आजवर कळलेलं नाही. मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला आहे. ज्या दिवशी जे सोयीचं, त्या दिवशी ते खरं वाटतं.

काकूंनी दारात विचारलं, एकट्यांना जाऊ देऊ ना रे? मी म्हणालो, रिपोर्ट साफ आहे, गॅस असेल, बिनधास्त जाऊ द्या. बस नवापूरला थांबली, सगळे चहाला उतरले, तुम्ही उतरला नाहीत.

बाईंना मी सांगितलं की गाडी चालू होते, पण कशानं होते ते मला माहीत नाही. वीस वर्षांत गिऱ्हाईकापुढे हे वाक्य पहिल्यांदा तोंडातून निघालं. त्यांचा चेहरा उतरला. मग मी म्हणालो, पुढच्या चार फेऱ्यांना मी शेजारी बसतो, चावी तुम्हीच लावायची, अडली तर निदान मी तिथं असेन. त्या म्हणाल्या, "मग उद्या साडेसहाला या. आईला वाट बघायला लावू नका." उद्या जायचं आहे. मीटर, वायरी, सगळं पिशवीत भरून ठेवलं आहे. गाडी अडावी असं वाटतं म्हणजे दोष हाताला लागेल, आणि ती माउली मागे बसलेली असताना अडू नये असंही वाटतं. नक्की काय हवं आहे ते माझं मलाच सांगता येत नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही असं नाही. काकू अजून टोकरखाड्यात त्याच घरात आहेत, चष्मा लावून पेपर वाचतात, पाकिटावर तुमचं नाव दिसलं तर आधी उघडतील. दर दिवाळीला मी फराळाला जातो. काकू शेजारणीला सांगतात, ह्याच्यामुळे निदान एकदा तपासणी तरी झाली त्यांची, नाहीतर ते कुणाचं ऐकणारे नव्हते. मी मान हलवतो आणि आणखी एक करंजी घेतो.