बेटावरच्याचा वाटा

बाबा, यंदा पौषात मी पुन्हा अंदमानला चाललो आहे. लोक विचारतात, ऐन धान चुरायच्या, मळणीच्या दिवसांत का? मी सांगतो, पावसाळ्यात समुद्र बोट उलटवायला बघतो, उन्हाळ्यात घामाने जीव जातो, आणि पौषात ऊन असे पडते की अंगावर घेऊन बसावे. ही वाक्ये तुमची आहेत. तुम्ही समुद्र पाहिला नव्हता. तुमसरच्या एका राइस मिलने वाटलेल्या कॅलेंडरवर निळे पाणी आणि उन्हात न्हालेले बेट होते. साल सरले तरी ते तुम्ही भिंतीवरून काढू दिले नाही, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारून तिथले ऋतू पाठ केले.

मला त्या चित्राचा राग यायचा. सुट्टी घेऊन ऊन खायला जाणे ही पोट भरलेल्यांची चैन आहे, उन्हात राबणाऱ्याने आणखी कुठले ऊन बघायला जायचे, असे सिहोऱ्याच्या बाजारात टेबलावर उभे राहून मी गरजलो होतो आणि टाळ्या घेतल्या होत्या. तेच घरी खळ्यावर ऐकवले. आंबागडच्या किल्ल्याची सावली खळ्याच्या कडेला टेकली होती, बैल धानावर गोल फिरत होते. तुम्ही पूर्ण ऐकून घेतलेत.

"झालं भाषन? मंग बैल हाक. थांबले ते बी आयकाले."

"पन तुमाले तिथं जायाचं कायले आहे, बाबा?"

"माह्या आजाले आनाले."

तुमच्या आजोबांना इंग्रजांनी काळ्या पाण्यावर धाडले होते. जंगलातल्या लाकडांवरून भांडण झाले आणि साहेबाच्या माणसावर त्यांची कुऱ्हाड पडली. पुढे ते मेल्याची बातमीसुद्धा आली नाही. बातमी नाही म्हणून तेरवी नाही, तेराव्याचे कार्य नाही, आणि तेरवी नाही म्हणून आपल्या घरात एक रीत पडली. धानाची रास लागली की मोजून होईपर्यंत कुणी बोलायचे नाही, आणि पहिले सूप भरून कडेला ठेवायचे, बेटावरच्याचा वाटा म्हणून. चिमण्या सगळ्या खळ्यावर उतरत, राशीवर चढत, पायांत येत. त्या सुपाला मात्र चोच लागत नसे. भोवतीची वीतभर जमीन मोकळी राही. माणसाचा हात लागलाय म्हणून येत नाहीत, असे मी नंतर म्हणायचो. "मंग राशीले का बैलायचे हात लागले?" आई विचारायची.

समुद्र शांत असायचे दिवस आणि धान चुरायचे दिवस एकच, आणि राशीचा धनी खळे सोडून जात नाही. असे तुमचे प्रत्येक वर्ष गेले. आणीबाणी उठली त्या साली खाटेवर पडल्या पडल्या तुम्ही हसत म्हणालात, "आता मेल्यावरच जाईन. मंग तिकीट बी लागत नाही अन् चुरनं बी राहत नाही." आई चिडली. "असं अभद्र बोलू नोका जी." मग मला जवळ बोलावलेत. "माह्या आजाले तू आन. म्हनजो, आजा, घरी चला. बस. तिथं भाषन नोको देऊ."

तुमच्या मागे बऱ्याच वर्षांनी मी तिथे गेलो. तुमसर रोडवरून हावड्याची गाडी, पुढे बोट. बेट तुमच्या कॅलेंडरसारखेच निघाले. जोडपी फोटो काढत होती, ऊन कोवळे होते. तुरुंगात भर दुपारी शिरलो. त्या भिंतींचा इतिहास मी इतका वाचला आहे की तासभर बोललो असतो. एका रिकाम्या कोठडीपुढे पाय थांबले. आत कुणीतरी सूप पाखडत होते. एक झटका, मग दाण्यांची सरसर, पुन्हा झटका. आत कुणी नव्हते. उन्हाचा एक पट्टा जमिनीवर पडला होता आणि त्यात कोंडा तरंगत होता. सभेत मी त्याला धूळ म्हणालो असतो. तोंडातून एवढेच निघाले, "आजा, घरी चला." आवाज थांबला.

रास लागायच्या दिवशी परतलो. आईने मुकाट्याने सूप भरून ठेवले. तिने हात काढायच्या आत चिमण्या अशा उतरल्या की सूप दिसेनासे झाले. आईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, घरात मोठे माणूस आल्यावर ओढते तसा.

पुढच्या वर्षी तिने दोन सुपे भरली. एक आजाचे, सवयीने. दुसरे तुमचे, तुम्हालाही घरचे धान मिळावे म्हणून. पहिले लगेच रिकामे झाले. दुसऱ्याभोवती वीतभर जमीन मोकळीच राहिली, ऊन उतरेपर्यंत. तुम्ही या घरात, माझ्यासमोर गेलात. तुमची तेरवी मी स्वतः केली. तरी तुमचा वाटा बेटावरच्याचा ठरला. आई माझ्याकडे बघत होती, पण राशीपुढे बोलायचे नसते. तिने विचारले नाही, आणि जन्मभर बोलण्यावर जगलेला मी रास मोजत राहिलो.

तेव्हापासून दरवर्षी तेच. भुताखेतांच्या नावाने गरिबाला लुबाडणाऱ्यांविरुद्ध मी अजून बोलतो, पुढेही बोलेन. पण आई थकली आहे. तिला एकदा तुमच्या सुपावर चिमण्या बघायच्या आहेत.

हे पत्र कुठे टाकणार? तिथे तुम्हाला सांगायचे ते दोनच शब्दांचे आहे, घरी चला. मित्रांना म्हटले, ऊन खायला चाललो. मनात भीती एवढीच आहे. त्या कोठडीपुढे मी हाक मारीन, आणि आतून तुम्ही म्हणाल, "बस जरासा. ऊन चांगलं आहे." इकडे खळ्यावर आई मुकी वाट बघत असेल, आणि मला वाटते, मी बसेन.