आईने वाचलेलं कलम शंभर

बर्गन, १८ मे

प्रिय एलिफ,

तिकडे ट्रॉम्सोला सगळे मजेत असाल. मुलांचा मिरवणुकीतला फोटो मिळाला. धाकटीपेक्षा तिचा झेंडाच मोठा दिसतोय. आईचा सणाचा लोकरी पोशाख कमरेला सैल झालाय. मी टाके घालून दिले.

कायद्याच्या ग्रंथालयात काल नेहमीसारखाच संविधानदिन झाला. मिरवणुकीआधी कॉफी, केक आणि संविधानाचं वाचन. कलम शंभर आईचं, हे तिथं ठरलेलंच; ग्रंथपालपदावरून निवृत्त झाल्यावरही तीच वाचायची. यंदाही आई वाचेल का, असं विचारायला नव्या ग्रंथपाल सिन्नवेचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "अगं, अर्धांगाचा झटका आल्यापासून तिला 'मीठ दे' म्हणता येत नाही." आई समोरच होती. तिने टेबलावर हात आपटला. "हो," म्हणाली. तेवढा एकच शब्द तिला सहज येतो.

मग रोज स्वयंपाकघरात कलमाच्या पहिल्या वाक्याचा सराव. कधी जमायचं, कधी पुस्तक भिरकावलं जायचं.

काल हॉल भरलेला. तिचा उजवा हात लुळा, म्हणून पुस्तक मी धरलं. "अभिव्यक्तीला," ती म्हणाली आणि अडली. ओठ हलत होते, शब्द येईना. पहिल्या रांगेतून कायदा शिकवणारे ब्रेक्के सर हळूच म्हणाले, "स्वातंत्र्य." आईने डावा हात वर करून त्यांना गप्प केलं.

मग सगळे थांबले, एलिफ. बाहेर बँड सुरू झाला, तरी कुणी उठलं नाही. ती घामाघूम झालेली. पुस्तक मिटून तिला घरी न्यावं असं मला वाटायला लागलं.

"स्वातंत्र्य," ती म्हणाली. आणि मग, "असावे."

ब्रेक्के सर जवळ येऊन म्हणाले, "माफ करा बाई, माझीच जीभ आवरली नाही." आई हसली आणि त्यांना केककडे बोट दाखवलं. मला तिचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

तिला सगळं कळतं, एलिफ. नाताळात तू दारात म्हणालास, "ही आपली आई राहिली नाही," तेही तिने ऐकलं. तेव्हापासून तुझा फोन नाही. तुला तिच्या गप्पा हव्या होत्या, हे मला ठाऊक आहे.

आज सकाळी तिने तुझा फोटो माझ्यापुढे ठेवला. "ए," म्हणाली आणि थांबली. मी नाव सुचवलं नाही. कॉफी गार झाली. "एलिफ," ती म्हणाली.

सुट्टीत ये. फक्त तिचं वाक्य तू पुरं करू नकोस.

तुझ्यावर अजून रागावलेली आणि तरी वाट पाहणारी,
तुझी ताई,
योरून