सांध्याच्या वर की खाली

शेवटची कुंडी पायरीखाली सरकवून हात धुतले. नखांतली माती निघाली नाही. अंगठा उठवायचा असता तर अडचण झाली असती, पण मी सही करणार आहे. शेजारचे शिंपीबुवा पायरीवर बसले आहेत. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त सिस्टर स्वतःची खुर्ची घेऊन खाली आल्या आहेत. हे दोघे माझ्या मृत्युपत्राचे साक्षीदार.

“ताई, किती पानं आहेत?” शिंपीबुवांनी विचारले.

“दुकान बंद करून आलात ना? मग बसा.”

“दुकान बंद आहे, पण गिऱ्हाईक दारात उभं आहे. एका बाहीचा कोट देऊन पाठवू का त्याला?”

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, निवृत्त, अविवाहित, हे स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. कोणी सांगितले म्हणून नाही, कोणी धाक घातला म्हणून नाही. उद्या नऊ वाजता इस्पितळात दाखल व्हायचे आहे. हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, रोजचेच काम आहे. त्यांचे रोजचे असेल. माझी बुद्धी शाबूत आहे. आज सकाळी छत्तीस कुंड्यांना पाणी घातले आणि कोणाला किती ते एकदाही चुकले नाही. थकवा मात्र आहे. तो कोणाच्या नावे करता येत नाही.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची सात पावले रुंद जागा, माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला, म्हणजे भाचीला द्यावे. बाग राखलीच पाहिजे अशी अट घालत नाही. अटीने पाणी घातलेली झाडे मी नोकरीत पुष्कळ पाहिली.

२. बँकेतील ठेव भावजयीला द्यावी. दोन्हीकडच्या तोंडांकडे पाहून गप्प बसण्याचे काम तिने बावीस वर्षे केले.

३. पुस्तके. ती थोडी आहेत, कारण शिक्षण थोडे आहे. वनस्पतिशास्त्राची दोन वर्षे झाली. तिसऱ्या वर्षी बाबांच्या उजव्या हाताला कंप सुटला. बाबा घड्याळजी होते. हात कापणाऱ्या घड्याळजीकडे कोणी घड्याळ देत नाही. घरात एकाचेच शिक्षण निभणार होते. धाकटा अभ्यासात बरा होता, मी चांगली होते. तो शिकला. याबद्दल माझी तक्रार नाही, कारण ते त्याने ठरवले नव्हते. त्याने ‘नको’ मात्र म्हटले नाही, हे नोंदवून ठेवते.

त्याच महाविद्यालयात मी वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात कामाला लागले. दाबून वाळवलेले रोप जाड कागदावर डकवायचे, कोपऱ्यात नाव, ठिकाण आणि तारीख लिहायची. एकतीस वर्षे मेलेल्या झाडांची नावे लिहिली आणि संध्याकाळी घरी येऊन जिवंत झाडांना पाणी घातले. विभागप्रमुखांनी त्या संग्रहाची सूची छापली. तीत माझ्या सत्तावन्न दुरुस्त्या आहेत. आभारांत ‘कर्मचारीवर्ग’ एवढाच उल्लेख आहे. ते माझ्या आधी वारले. त्यांना मृत्युपत्रातून वगळण्याचा आनंदही त्यांनी मला मिळू दिला नाही. ती सूची स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या तुटक्या पायाखाली आहे. टेबल देताना तिच्यासकट द्यावे.

४. हत्यारे. खुरपे पहिल्या पगारातून घेतले. मूठ दोनदा बदलली, पाते एकदा. तरी ते तेच आहे. ते भाचीला. झारी घराबरोबर राहील. कोवळ्या रोपांना पाणी घालताना झारीची चाळणी वरच्या बाजूला वळवावी, म्हणजे माती उडत नाही. हे सांगायला मी नसेन म्हणून लिहिले. गुलाबाचे डोळे भरायची बाबांची छोटी सुरी धाकट्याला द्यावी. ती का, ते सहाव्या क्रमांकात येईल.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असे सिस्टर सांगतात. त्यामुळे शिंपीबुवांची नजर ज्या कोरफडीवर आहे, ती त्यांना आत्ताच देऊन टाकते.

“बघा, सिस्टर साक्षीदार आहेत,” शिंपीबुवा म्हणाले. “उद्या परत मागायची नाही.”

“तुम्ही तिला बुडवून मारणार आहात. महिन्यातून दोनदा पाणी. लिहून घ्या.”

“खडू आहे, कागद नाही.”

“मग कोटावर लिहा.”

५. माझ्या आवडी नोंदवते, म्हणजे घर आवरणाऱ्यांना काय टाकू नये ते कळेल. टोमॅटोचे पान चुरगळल्यावर येणारा वास. सावलीतले नेचे, कारण त्यांना फूल येत नाही आणि कोणी त्यांच्याकडून ते मागत नाही. पाणी घालून झाल्यावरची दहा मिनिटे. नुकते निवलेले शेणखत. पानांना तेल लावून चमकवणारी माणसे मला आवडली नाहीत. तोडलेली फुले कधीच आवडली नाहीत. माझ्यामागे कोणी ती आणू नयेत.

६. आता गुलाब. हे सगळे त्याच्यासाठी लिहायला घेतले.

बागेतले ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. चांगल्या जातीचा गुलाब सहसा स्वतःच्या मुळांवर उभा नसतो. खाली रानगुलाबाचा खुंट असतो. खुंटाच्या सालीत चीर देऊन तिच्यात चांगल्या गुलाबाचा एक डोळा बसवतात. तो फुटतो, वाढतो आणि पुढे सगळे त्यालाच झाड म्हणतात. सांध्याच्या वर ते झाड, सांध्याच्या खाली रान. खालून फुटवा आला की काढायचा, नाही तर तो वरच्याला खातो.

हाताला कंप सुटण्याआधी बाबांना एका गिऱ्हाइकाने दुरुस्तीच्या बदल्यात एक काडी दिली होती. बाबांनी भिंग लावून, घड्याळाच्या चिमट्याने तिचा डोळा खुंटावर बसवला. फूल काळपट लाल, पाकळ्या मोजता येऊ नयेत इतक्या, वास लवंगेचा. तसा गुलाब मी पुढे कुठल्याही रोपवाटिकेत पाहिला नाही. घरात त्याला बाबांचे झाड म्हणत.

बाबा भर उन्हाळ्यात गेले. वाटणी भांडणाशिवाय झाली: बाबांचे घर धाकट्याला, झाड मला. झाड थंडीत हलवायचे ठरले. दोन आठवड्यांनी सहज गेले, तर बुंध्यापासची एक फांदी कापलेली. काप ओला होता, वाकडा होता. मला न विचारता. वाकडा काप मला बघवत नाही. रागातच खाली बसून उरलेला तुकडा मी सफाईने काढून टाकला. आणि धाकट्याने फांदी कुठून घेतली ते पाहिलेच नाही. बाबांच्या आजारपणात खालचे फुटवे कोणी काढले नव्हते. सांधा मातीखाली गेला होता, झाडाच्या आणि रानाच्या फांद्या एकमेकींत शिरल्या होत्या. माती दोन बोटे उकरली असती तर कळले असते. उकरली नाही.

आणखी फांद्या जातील म्हणून त्याच दुपारी झाड उपटून इथे आणले. भर उन्हाळ्यात. दोन वर्षे वनस्पतिशास्त्र शिकलेल्या बाईने. आठ दिवसांत वरचा भाग वाळला. पावसाळ्यात खालून फुटवे आले. पुढल्या वर्षी फूल आले, फिकट गुलाबी, पाच पाकळ्या. रान.

त्याच सुमारास धाकट्याने विचारले, “ताई, झाड फुललं का?”

“फुललं.”

“बघायला येऊ?”

“चोराला दाखवत नाही.”

“एक काडी घेतली गं! बाबांची आठवण म्हणून.”

“मागितली असतीस तर दिली असती.”

“तू? तू दिली असतीस?”

तेव्हापासून आम्ही लग्नाकार्यात भेटतो आणि हवेबद्दल बोलतो. त्याच्या काडीचे काय झाले हे त्याने सांगितले नाही, मी विचारले नाही. भाचीला विचारता आले असते. पण लेकीकडे बापाची चोरी विचारायची नाही, एवढे पाळले.

तरी लिहून देते की चोरी माफ आहे. ती फांदी सांध्याच्या वरची असेल, तर बाबांचे झाड जिवंत आहे आणि ते धाकट्याचेच आहे. बाबांची सुरी त्यासाठी. खालची असेल, तर ते झाड आता कुठेच नाही, आणि त्यात त्याच्यापेक्षा माझा वाटा मोठा आहे. माझ्याकडे आहे ते रान आहे. बाबांचे म्हणून ते कोणी जपू नये. धाकट्याकडून मला काही नको. वर की खाली, एवढेच त्याने सांगावे.

इथपर्यंत मी साक्षीदारांना वाचून दाखवले.

“एवढं लिहिण्यापेक्षा फोन करा की,” शिंपीबुवा म्हणाले.

“फोनवर विचारायचं असतं तर बावीस वर्षांत विचारलं असतं.”

“म्हणजे मेल्यावर उत्तर ऐकणार?”

“शिंपीबुवा!” सिस्टर ओरडल्या.

त्यांचे बोलणे बरोबर होते, म्हणून इथे उतरवून ठेवले आहे.

७. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. यानंतर करायचे त्राण राहील असे वाटत नाही.

सही केली. दोघांनी मला सही करताना पाहिले, मी त्यांना पाहिले.

साक्षीदार पहिले: शिंपी, शेजारचे दुकान. (सही केली, कोरफड घेतली.)
साक्षीदार दुसऱ्या: सिस्टर, वरचा मजला. (सही केली, तारीख तपासली.)
ठिकाण: राहते घर, मागची पायरी.
तारीख: नोव्हेंबरचा दुसरा मंगळवार.

बुधवार सकाळची नोंद, माझ्याच अक्षरात.

साडेसातला दार वाजले. धाकटा होता. शिंपीबुवांच्या पोटात काही राहत नाही. धाकट्याचे केस पूर्ण पांढरे झाले आहेत, ते लग्नाकार्यात लक्षात आले नव्हते. हातात काही नव्हते.

“खाली, ताई,” तो दारातच म्हणाला. “दुसऱ्या वर्षी फूल आलं. पाच पाकळ्या.”

“मग बोलला का नाहीस?”

“खरं झाड तुझ्याकडे होतं. हसली असतीस मला.”

मी त्याला मागे नेले. फुले नव्हती, नुसती पाने होती. त्याने एक फांदी उलटी करून पाहिली.

“हे तर माझ्याकडचंच आहे.”

“हो.”

“किती वर्षं?”

“पहिल्यापासून.”

तो पायरीवर बसला. मग म्हणाला, “माझा भिंतीवर चढलाय. काढवला नाही.”

“माझाही नाही काढवला.”

सहाव्या क्रमांकातील प्रश्न निकाली निघाला. माफी कायम. सुरीही त्यालाच.

आठ वाजता गाडी आली. धाकट्याने माझी पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली, झारी भरली आणि विचारले, “कोणाला किती?” मी सांगू लागले. गाडीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. शेवटच्या कुंडीपर्यंत आम्ही निघालो नाही.