डोंगरातली सहा केंद्रं

५ नोव्हें., धडगाव
वीस आरोग्य केंद्रं एकदम जोडली. बेरीज नासली. दहापर्यंत चालत होतं. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णांची नावं, तपासण्या केंद्रातच राहतात. तिथला संगणक त्यावरून आजार ओळखायला शिकतो, शिकलेले आकडे फक्त बेरजेसाठी पाठवतो. तेही झाकून: दोन केंद्रांनी आपसात ठरवलेली संख्या एक मिळवतं, दुसरं वजा करतं. बेरजेत ती कटते. एक मधेच बंद पडलं की कटत नाही. तीनदा तपासलं. चूक माझी नाही. बहुतेक.

७ नोव्हें.
पुण्याहून प्रकल्पप्रमुख मॅडमचा फोन. "सारखी बंद पडणारी डोंगरातली सहा वगळून अहवाल देऊ." रुग्ण तर तिथेच जास्त. बारावी नापास माणसाने काय बोलायचं? "आठ दिवस द्या," एवढंच म्हणालो.

९ नोव्हें.
कोणतं केंद्र किती वाजता बंद पडतं, वहीत लिहितोय. नंदुरबार ऑफिसचे सलीमभाई फोनवर: "काय भो, कम्प्युटर सोडी वहीमा लिखी ऱ्हायना? तलाठी व्हयना का तू?"

११ नोव्हें.
डोंगरातल्या एका केंद्रात बसून पाहिलं. वीज गेली. सिस्टर धावत आल्या, संगणकाची वायरच उपटली. इन्व्हर्टर लसींच्या फ्रिजला हवा. "लस तापली तर बाळांना काय टोचू, दादा? तुमची बेरीज थोडी थांबेल!" बरोबर आहे त्यांचं. सगळीकडे असंच करतात म्हणे. मॅडमच्या कागदांत हे कुठेच नाही.

१२ नोव्हें.
सापडलं! सहापैकी पाच एकाच वीजवाहिनीवर. एकाच वेळी जातात. मग त्यांच्या जोड्या त्यांच्यातच लावायच्या. गेली तर पाचही आपल्या संख्या घेऊन जातील, बाकीची बेरीज शाबूत. सहावं, सगळ्यात वरचं, त्याची वाहिनी वेगळी; ते सपाटीच्या गटात. मॅडमना लिहिलं. पाठवण्याआधी चारदा वाचलं.

१६ नोव्हें.
वीसही जोडली. दुपारी वीज गेली, पाच गेली, बेरीज टिकली. वीज आल्यावर पुढच्या फेरीत पाचही हजर. सलीमभाई ओरडले, "तू ते मॅडमलेबी शिकाडी दिधं, भो!" अहवालात माझं नाव येणार. पूर्ण नाव. आईला दोनदा सांगितलं.

१८ नोव्हें.
मॅडम: "वरचं केंद्र बंद पडलं की सपाटीचा अख्खा गट नासतो. एकटं ठेवलं तर त्याचे आकडे उघडे. तेवढं वगळू या?"
"नाही," म्हणालो. मॅडमना पहिल्यांदाच.
"मग उपाय?"
उद्या पहिल्या जीपने वर जातो. तिथली वीज कधी जाते, ते तरी आधी वहीत लिहितो.