पाटावरचं रिव्हॉल्व्हर

अण्णा, दाराची बेल वाजली की हल्ली माझ्या हातातलं काम तसंच राहतं. दूधवाला असतो, नाहीतर सोसायटीचा वॉचमन असतो, पण उठून दार उघडेपर्यंत माझ्या तोंडचं पाणी पळालेलं असतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की नवीन पनवेलमधलं हे घर तुम्ही पाहिलंच नाहीत, आणि गॅलरीतलं माझं जुन्या कुलपांचं कपाटही. रिटायर झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात, तुमचा मुलगा कळंबोलीच्या भंगारवाल्यांकडे कुलपं शोधत फिरतो. तुमची सून याला विकतचं दुखणं म्हणते. तेव्हा मी हसायचो.

होळीच्या सुमारास तिथल्या एका ओळखीच्या भंगारवाल्याने माझ्यासाठी लोखंडी पेटी बाजूला ठेवली होती. "काका, कुलूप बगा कसला हाय. किल्ली नाय. आत काय हाय त्ये आमी पण बगितला नाय," म्हणाला. मी कुलपासाठी पेटी घेतली. गॅलरीत बसून दुपारभर खटपट केल्यावर ते उघडलं, आणि आत तेलकट गोणपाटात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर निघालं. गंजून सगळं एकजीव झालेलं. चाप हलत नव्हता, गोळ्यांचं चक्र फिरत नव्हतं, मुठीचं लाकूड मात्र शाबूत होतं. तसंच उठून पोलीस ठाण्यात जायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण ‘कुठून आणलं?’ या पहिल्याच प्रश्नाला मी घाबरलो. जुन्या, निकामी हत्याराला परवाना लागत नाही असं कुणाकडून तरी ऐकलं होतं. त्या ‘निकामी’वर भरवसा ठेवून मी ते कपाटात कुलपांच्या मागे सरकवलं.

तिथेच राहू दिलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. पण गंजलेली वस्तू समोर असली की माझे हात स्वस्थ बसत नाहीत, आणि ही खोड तुमचीच. मी लहान आहे. भातगिरणी बंद आहे, तुम्ही पाने पुसताय, आणि मी थांबलेल्या पट्ट्याखाली हात घालून अडकलेला खिळा काढायला बघतोय. तुम्ही मागून येऊन कानाखाली अशी वाजवता की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. "चालू मशीन ओरडून सांगते. बंद मशीन काही सांगत नाही. तिला जास्त भ्यायचं!" त्या संध्याकाळी तुम्ही लाकडी मुठीचा पेचकस आणून माझ्या हातात ठेवलात. तो पेचकस अजून माझ्याकडे आहे, आणि सगळा पावसाळा मी त्यानेच ते रिव्हॉल्व्हर सुटं केलं. तेल लावायचं, मुरू द्यायचं, चिंधीने पुसायचं. ज्या दिवशी चाप हलला त्या दिवशी मी जेवताना उगाचच हसत होतो. पुढे तर तो इतका हलका झाला की एका बोटाने ओढावा. गंजलेलं होतं तोवर ते भंगार होतं. मी माझ्या हाताने त्याचं हत्यार करत होतो, आणि मला फक्त त्याची चकाकी दिसत होती.

खंडेनवमीला तुम्ही पाने, हातोडी, पकड पाटावर मांडून झेंडू वाहायचात, तसं मी अजून मांडतो. यंदा मधोमध ते ठेवलं. "अहो, ते कशाला तिथे? लेक येणारे ना पोरीला घेऊन?" ही म्हणाली. "शस्त्रपूजाच आहे ना आज?" मी वर तिलाच ऐकवलं. मी स्वयंपाकघरात नैवेद्याचं ताट घ्यायला गेलो आणि बाहेरून नातीचा आवाज आला, "आजी, हँड्स अप!" बाहेर आलो तर पोरीने ते दोन्ही हातांत धरलेलं, आणि ही समोर निरांजन घेऊन दुसरा हात वर करून हसतेय, "मेले गं बाई!" तेवढ्यात खट्ट वाजलं. चक्र एक घर पुढे सरकलं, मी केलं होतं तसंच, अगदी अलगद.

मी ते तिच्या हातून काढून घेतलं. सहापैकी पाच घरं मी साफ केली होती. सहाव्यात हिरवट कीट घट्ट बसलं होतं, ते दसऱ्यानंतर बघू म्हणून सोडलेलं. नखाने खरवडलं तर खाली पितळ दिसलं. गोळी होती, अण्णा. पोरीने चाप आणखी एकदा ओढला असता तर तेच घर घोड्यासमोर आलं असतं. गोळी जिवंत होती की मेलेली, मला अजून माहीत नाही. मी तिथेच जमिनीवर बसलो. लेकीला वाटलं साखर उतरली, तिने पेढा भरवला. तो तोंडात घोळवत मी हिला स्वयंपाकघरात यायची खूण केली.

हिला सांगितलं तेव्हा ती पांढरीफटक पडली, आणि मग सगळं तिनेच हातात घेतलं. दुपारी आम्ही रिक्षाने पोलीस ठाण्याकडे निघालो. "हे बघा, एवढंच म्हणायचं. भंगारात मिळालं, गंजलेलं आहे, बंद आहे. तिथे लेक्चर द्यायचं नाही." मी मान डोलावली. ठाण्यातले साहेब तरुण होते, मला पाणी दिलं, काका म्हणाले. त्यांनी गोळी आधी वेगळी काढवून घेतली. कुठून आणलं ते लिहून घेतलं. मग रिव्हॉल्व्हर हातात फिरवत स्वतःच म्हणाले, "एवढं जुनं आहे म्हणजे चालत नसेलच ना, काका?" हिने टेबलाखाली माझा पाय दाबला. मला फक्त हो म्हणायचं होतं.

"चालतं, साहेब," मी म्हणालो. "आता चालतं."

साहेबांनी रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं. आवाज बदलला. ते तपासायला पाठवलंय, बोलावणं येईल, पनवेल सोडून जायचं नाही, असं सांगितलंय. ही घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण." आता ती रात्रीही पदर डोळ्यांवर घेऊन पडते, झोपत नाही. मला अटकेची भीती वाटते, शेजाऱ्यांची वाटते, या वयात कोठडीत रात्र काढावी लागेल याची तर फारच वाटते. जावई वकील शोधतोय. लेक मात्र फोनवर म्हणते, "बाबा, काही होवो, तुम्ही खरं बोललात, त्याचा मला अभिमान आहे."

मी तिला तसं वाटू देतो. हे तुमच्यापर्यंत पोचवायची सोय असती तरी मी पाठवलं नसतं, कारण तुम्ही पहिल्या वाचनातच ओळखलं असतं. खरं बोलावं म्हणून मी बोललो नाही, अण्णा. इतके महिने खपून मी ते चालतं केलं होतं, आणि माझ्या तोंडावर कुणी ते बंद म्हणालेलं मला सहन झालं नाही.