सहाव्या मजल्यावरच्या आजी

रविवार, संध्याकाळ

सोसायटीची सभा पुन्हा कोरम नाही म्हणून तहकूब. अर्ध्या तासानं तिथंच भरवली, पाच जणांत. नोटिशीत मी ते आधीच छापून ठेवतो. बिराजदारकाका म्हणाले, "तुमीच ऱ्हावा की सेक्रेटरी, आमाला कुटं वेळ हाय?" झाली निवडणूक. नववं वर्ष.

सभेत सारखा वांग आठवत होता. आमच्या टॉवेलच्या कारखान्यात नवे माग बसवायला आलेला चिनी मेकॅनिक. काल चहाच्या वेळी त्यानं त्याच्या सोसायटीच्या निवडणुकीचा फोटो दाखवला. दुसरं कुठलं खरं मतदान त्यानं आयुष्यात पाहिलेलं नाही, आणि हेसुद्धा दोन वर्षं भांडून मिळवलेलं. सहाव्या मजल्यावरच्या आजींना खुर्चीसकट खाली आणलंय, मत द्यायला. माझ्या पोटात दुखलं. चीनचे रस्ते बघून कधी इतकं दुखलं नव्हतं.

"पुढं देशाचा कारभारीही असाच निवडाल का?" मी विचारलं. भाषांतर करणारा मोबाइल त्यानं टेबलावर पालथा ठेवला आणि चहा प्यायला.

मग मोबाइल उचलून त्यानं विचारलं, तुमच्या सोसायटीत सभेला किती जण येतात? मी म्हटलं, सगळे. वर सभेचा म्हणून गणपतीच्या महाप्रसादाचा फोटो दाखवला, पत्रावळी दिसू नयेत म्हणून मोठा करून. का दाखवला? त्या आजींपुढं हरायचं नव्हतं, दुसरं काय.

वांगनं तो फोटो मागून घेतला. घरी गेल्यावर सगळ्यांना दाखवणार म्हणाला. आजींनासुद्धा.